पेशी वाढल्या तरी प्रतिकार का खचतो? उंदरांच्या ‘मेड्स’ आजाराविषयी

रत्नागिरीत सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी.ला असलेल्या एका विद्यार्थिनीने मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: “एचआयव्हीमध्ये सीडी4 पेशी (इतर प्रतिकारक पेशींना मदत करणाऱ्या टी पेशी) नष्ट होतात, म्हणून प्रतिकारशक्ती जाते, हे समजते. पण उंदरांतील ‘मेड्स’ या आजारात प्लीहा आणि लसिका ग्रंथी उलट फुगतात, पेशींची संख्या वाढते आणि तरीही उंदीर साध्या संसर्गाने मरतो. पेशी जागेवर असताना प्रतिकार नेमका कुठे अडतो? आणि हा विषाणू आपल्याकडच्या उंदरांपासून माणसांना होऊ शकतो का?” सेमिनारसाठी तिला दहा-पंधरा मिनिटांचे उत्तर हवे होते. मला ते त्याहून लांब द्यावेसे वाटते, कारण या प्रश्नात प्रतिक्षमताशास्त्रातील एक फार महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे आणि ती पाठ्यपुस्तकांत एका ओळीत उरकली जाते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण भातलावणीच्या दिवसांत चिखलात अनवाणी उतरणाऱ्या आपल्या लोकांना उंदीर म्हटले की लेप्टोची (उंदरांपासून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची) आठवण होणे स्वाभाविक आहे आणि ती भीती रास्तही आहे. मेड्सची गोष्ट मात्र वेगळी आहे. हा शेतातील उंदरांत फिरणारा आजार नसून प्रयोगशाळेत वाढवलेल्या ठरावीक वाणाच्या उंदरांना विषाणूचे मिश्रण टोचून घडवला जाणारा आजार आहे. त्या मिश्रणातील मुख्य सहायक विषाणू (आजार घडवणाऱ्या विषाणूला पसरायला मदत करणारा) पेशीत शिरण्यासाठी उंदराच्या पेशीवरील अमिनो आम्ले वाहून नेणारे एक प्रथिन वापरतो. माणसात त्याच जातीचे प्रथिन असले तरी त्याची घडण थोडी निराळी असल्यामुळे विषाणूला तिथे पाय रोवता येत नाही. तेव्हा लेप्टोसाठी गमबूट आणि डॉक्टरांचा सल्ला हे दोन्ही चालू ठेवावेत. मेड्सची चिंता घरात आणू नये.

आता मूळ प्रश्न. या विषाणूचा उगम फ्रान्समध्ये 1960च्या दशकात किरणोत्सर्गाने रक्ताचा कर्करोग झालेल्या उंदरांवर चाललेल्या कामात आहे. पुढे 1985 मध्ये मोझियर, येटर आणि मोर्स यांनी दाखवले की एलपी-बीएम5 हे विषाणूंचे मिश्रण सी57 ब्लॅक 6 वाणाच्या प्रौढ उंदरांना टोचले तर लसिका पेशींची बेसुमार वाढ आणि प्रतिकारशक्तीचा खोल ऱ्हास या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात. एचआयव्हीचा शोध लागून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती, त्यामुळे या उंदरांना लगेच ‘म्युरीन एड्स’, म्हणजे मेड्स, हे नाव चिकटले. माझ्या मते हे नाव थोडे दिशाभूल करणारे आहे. एचआयव्ही हा लेंटिव्हायरस गटातील आहे, मेड्सचा विषाणू गॅमारेट्रोव्हायरस या वेगळ्या गटातील आहे. एचआयव्ही सीडी4 या रेणूला धरून आत शिरतो, हा तसा शिरत नाही. एचआयव्हीमध्ये सीडी4 पेशी घटत जातात, इथे त्या बराच काळ संख्येने टिकून राहतात. दोन्ही आजारांतील साम्य पेशींच्या वागण्यात आहे आणि तेवढ्यापुरतेच ते मानावे.

1989 मध्ये अझीझ, हॅना आणि जोलिकर यांनी आणखी एक धक्कादायक गोष्ट सिद्ध केली: मिश्रणातील आजार घडवणारा घटक हा एक अपंग विषाणू आहे. त्याच्या जनुकसंचातील मोठे तुकडे गळालेले असतात, स्वतःची प्रत काढण्याची यंत्रणा त्याच्याकडे नसते आणि बाहेरचे आवरणही तो बनवू शकत नाही. त्याच्याकडे धड उरलेले एकच प्रथिन आहे, गॅग या कुळातील ‘पीआर60’. हे प्रथिन नेहमीप्रमाणे तुकड्यांत कापले न जाता पेशीच्या पटलाला आतून चिकटून राहते. जोलिकर यांच्याच गटाने 1997 मध्ये दाखवले की त्यातील प्रोलीन-बहुल भाग पेशीतील सी-एबल या काइनेजच्या (काइनेज म्हणजे इतर प्रथिनांवर फॉस्फेट लावणारे विकर) एसएच3 नावाच्या खोबणीत बसतो. म्हणजे विषाणू स्वतः फारसा वाढत नाही, पण त्याचे एक प्रथिन पेशीच्या संदेशवहनाच्या तारांना आतून हात घालून बसते. सेमिनारमध्ये ही बाब ठळकपणे सांगावी, कारण पुढची सगळी गोष्ट इथून सुरू होते.

हा हात कुठल्या पेशीत घातला जातो? इथे विद्यार्थी हमखास चुकतात. आजारात टी पेशी निकामी होतात, म्हणून विषाणू टी पेशींत असणार, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात अपंग विषाणूने बाधित झालेल्या पेशींपैकी बहुसंख्य बी पेशींच्या, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींच्या, वंशातील असतात. आणि तरीही सीडी4 टी पेशी नसलेल्या उंदरात आजार होत नाही. बी पेशी नसलेल्या उंदरातही होत नाही. दोघींच्या भेटीशिवाय आजार उभाच राहत नाही.

या भेटीत काय घडते, यावर अमेरिकेतील डार्टमथ येथील विल्यम ग्रीन यांच्या गटाने वर्षानुवर्षे चिकाटीने काम केले. सक्रिय झालेल्या सीडी4 टी पेशीवर सीडी154 हा रेणू उगवतो आणि तो बी पेशीवरील सीडी40 या ग्राहीला धरतो. निरोगी शरीरात हीच पकड बी पेशीला वाढायला आणि चांगली प्रतिपिंडे करायला सांगते. ग्रीन यांच्या गटाने 1996 मध्ये सीडी154 अडवणारे प्रतिपिंड बाधित उंदरांना दिले, तेव्हा प्लीहा फुगली नाही, रक्तातील प्रतिपिंडांचा पूर आला नाही आणि टी पेशींचा प्रतिसादही टिकला. 2004 मध्ये त्यांनी आणखी खोलात जाऊन दाखवले की सीडी40च्या पेशीतील शेपटीला ट्राफ6 हे प्रथिन जोडले जाण्याची जागा बदलली, तर आजार घडत नाही. म्हणजे विषाणू शरीराच्या मदतीच्या यंत्रणेलाच वेठीस धरतो: बाधित बी पेशी टी पेशीला जागे करते, जागी झालेली टी पेशी बी पेशीला पुन्हा उत्तेजन देते आणि हे चक्र थांबत नाही. सूज, वाढलेली संख्या, प्रतिपिंडांचा अतिरेक हे सारे या न थांबणाऱ्या उत्तेजनाचे परिणाम आहेत.

पण उत्तेजनातून निष्क्रियता कशी येते, हा तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे. त्याचे मला सर्वांत पटलेले उत्तर नॉर्वेतील ओस्लो आणि बेल्जियममधील लिएज येथील संशोधकांच्या कामातून आले. ते समजण्यासाठी टी पेशीचा नेहमीचा मार्ग आठवावा लागेल. टी पेशीच्या ग्राहीला प्रतिजन (जंतूचा ओळखता येणारा तुकडा) भेटले की आत सर्वांत आधी हलणारे काइनेज म्हणजे एलसीके. ते ग्राहीच्या शेपट्यांवर फॉस्फेट लावते, मग झॅप-70 तिथे येऊन बसते, लॅट या प्रथिनावर पुढची जुळणी होते, पेशीत कॅल्शियम वाढते आणि शेवटी केंद्रकात टी पेशींना वाढवणाऱ्या इंटरल्युकिन-2चे जनुक चालू होते. एलसीकेच्या शेपटाजवळ 505 क्रमांकाचे टायरोसीन आहे. त्यावर सीएसके नावाचे दुसरे काइनेज फॉस्फेट लावते तेव्हा एलसीके स्वतःवरच दुमडून बंद होते. सीएसके किती जोरात चालावे, हे बऱ्याच अंशी सायक्लिक एएमपी या पेशीतील छोट्या निरोप्या रेणूवर ठरते: सायक्लिक एएमपी वाढले की प्रोटीन काइनेज ए, त्यातही त्याचा पहिला प्रकार, जागा होतो आणि सीएसकेच्या 364 क्रमांकाच्या सेरीनवर फॉस्फेट लावून त्याचा जोर कित्येक पटींनी वाढवतो.

दाभोळच्या खाडीकाठी किंवा खाजणाच्या कुठल्याही बांधावर उघाडी (बांधातील पाण्याचे दार) पाहिली असेल तर हे समजायला वेळ लागणार नाही. ओहोटीला आतले पावसाचे पाणी उघाडीचे झाप बाहेर ढकलून खाडीत जाते. भरतीला खाडीचे पाणी बाहेरून तेच झाप दाबून धरते. झापात कसलाही दोष नसतो, त्याची चाल फक्त बाहेरच्या दाबावर ठरते. निरोगी टी पेशीत सायक्लिक एएमपी असेच चढते आणि उतरते. प्रतिजन भेटून सीडी28 या टी पेशीवरील दुसऱ्या रेणूची साथ मिळाली की फॉस्फोडायएस्टरेज-4 हे विकर तिथे येऊन सायक्लिक एएमपी फोडते आणि संदेशाची वाट मोकळी होते. मेड्समध्ये ओहोटी येतच नाही. बाधित उंदरांच्या टी पेशींत सायक्लिक एएमपी सतत चढलेले आढळते, एलसीके दुमडलेलेच राहते आणि प्रतिजन समोर आले तरी संदेश दारातच थांबतो. पेशी जिवंत असते, तिच्या पृष्ठभागावर ग्राही असतो, आतली यंत्रणाही शाबूत असते, पण ती हलत नाही.

आता ही भरती आणते कोण? 2004 मध्ये रहमूनी आणि सहकाऱ्यांनी (ओस्लोचे टास्केन आणि लिएजचे मूत्शेन यांचा हा संयुक्त गट) याचे उत्तर दिले. आजारी उंदरांच्या लसिका ग्रंथींत सीडी11बी हा रेणू बाळगणाऱ्या टी आणि बी पेशींचा एक उपगट तयार होतो. सीडी11बी सहसा मॅक्रोफेजसारख्या (जंतू गिळणाऱ्या) पेशींवर दिसतो, त्यामुळे तो टी आणि बी पेशींवर दिसणे हेच मुळात पेशी दीर्घकाळ पेटलेल्या असल्याचे लक्षण आहे. या उपगटात सायक्लोऑक्सिजनेज-2 हे विकर मोठ्या प्रमाणात तयार होते आणि त्यातून प्रोस्टाग्लँडिन ई2 बाहेर पडते. ते शेजारच्या टी पेशींवरील ग्राहींना भेटून त्यांच्यातील सायक्लिक एएमपी वाढवते. संशोधकांनी सायक्लोऑक्सिजनेज-2 अडवणारी औषधे दिली तेव्हा प्रोस्टाग्लँडिन उतरले, टी पेशी पुन्हा प्रतिसाद देऊ लागल्या आणि ग्रंथींची सूजही कमी झाली. पेशींच्या मार्गात कायमचे बिघडलेले काही असते तर असे झाले नसते. म्हणून मी या प्रयोगाला या विषयातील सर्वांत बोलका पुरावा मानतो.

इथे माझी एक चूक सांगतो. परदेशातील एका प्रयोगशाळेत काम करताना सुरुवातीच्या वर्षात मी बाधित उंदरांच्या प्लीहेतील सीडी4 पेशींचे प्रमाण फ्लो सायटोमीटर या पेशी मोजण्याच्या यंत्रावर मोजले, ते जवळजवळ नेहमीसारखे पाहिले आणि वहीत ‘टी पेशी ठीक’ असे लिहून मोकळा झालो. चार दिवसांनी त्याच पेशींना कॉनकॅनाव्हालिन-ए हे टी पेशींना वाढायला लावणारे द्रव्य देऊन त्यांची वाढ मोजली, तेव्हा आकडे तळाशी पडलेले होते. त्या दोन पानांमधले अंतर मला आजही टोचते. मोजणी आणि काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी तेव्हा शिकलो. म्हणूनच मेड्सवरील शोधनिबंध वाचताना मी आधी पाहतो की लेखकाने पेशी मोजल्या आहेत की पेशींचे काम मोजले आहे.

प्रोस्टाग्लँडिन हा दाब देणारा एकमेव घटक नाही. 2013 मध्ये ग्रीन यांच्या गटाने दाखवले की बाधित उंदरांच्या प्लीहेत अस्थिमज्जेतून आलेल्या, पूर्ण परिपक्व न झालेल्या मोनोसाइटसदृश पेशी साचतात आणि त्या इतर पेशींचा प्रतिसाद दाबतात. टी पेशींना त्या मुख्यतः नायट्रिक ऑक्साइडने दाबतात. ते बनवणारे विकर अडवले की दाब बराच उतरतो. बी पेशींच्या बाबतीत नायट्रिक ऑक्साइड हे अर्धेच उत्तर ठरले. 2015 मध्ये त्याच गटाने दाखवले की बी पेशींवरील दाबात व्हिस्टा या नियंत्रक रेणूचाही वाटा आहे, टी पेशींवरील दाबात मात्र नाही. एकाच पेशीने दोन शेजाऱ्यांना दोन वेगवेगळ्या मार्गांनी दाबावे, ही गोष्ट मला सुरेख वाटते आणि तुमच्या सेमिनारमध्ये तिला स्वतंत्र जागा मिळावी, असे माझे मत आहे.

सायटोकाइनांचा (पेशी एकमेकींना निरोप देतात त्या प्रथिनांचा) भाग मी मुद्दाम थोडक्यात सांगतो. 1992 मध्ये आजार वाढत जाताना मदतनीस टी पेशींचा टीएच1 (पेशींमार्फत लढणाऱ्या) प्रकाराकडून टीएच2 (प्रतिपिंडांना चालना देणाऱ्या) प्रकाराकडे कल जातो, असे दाखवले गेले आणि ते अनेक वर्षे पुस्तकांत ठाण मांडून बसले. 1993 मध्ये इंटरल्युकिन-4 हे टीएच2चे सायटोकाइन नसलेले उंदीर आजाराला तोंड देतात असे एका गटाने जाहीर केले. दुसऱ्या गटाला मात्र त्या उंदरांतही आजार झालेला दिसला. या वादात मी कोणाची बाजू घेत नाही. कल जातो हे निरीक्षण आहे, तोच आजाराचे कारण आहे हे सिद्ध झालेले नाही, एवढेच विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

आणखी एका ठिकाणी सहजबुद्धी फसते. पीडी-1 आणि इंटरल्युकिन-10 या दोघांना आपण ‘प्रतिकार दाबणारे’ म्हणून ओळखतो, त्यामुळे ते काढून टाकले तर उंदराचा प्रतिकार सुधारेल, असे वाटते. 2008 मधील ग्रीन यांच्या गटाच्या प्रयोगांत उलट घडले: हे घटक नसलेल्या उंदरांत आजार अधिक तीव्र झाला. मेड्सचे मूळ बेलगाम उत्तेजनात आहे हे मान्य केले, की याचा उलगडा होतो. पीडी-1 आणि इंटरल्युकिन-10 हे त्या उत्तेजनाला घातलेले लगाम आहेत. लगाम काढला की चक्र अधिक वेगाने फिरते आणि त्याच्या शेवटी येणारी निष्क्रियताही वाढते. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात हवे असेल तर मी असे म्हणेन की मेड्समध्ये प्रतिकार पेशींच्या अभावाने खचत नाही. सतत पेटलेल्या पेशी स्वतः आणि त्यांच्यामुळे साचलेल्या इतर पेशी जो दाब निर्माण करतात, त्याखाली तो अडकून पडतो.

या दाबाचे परिणाम केवळ काचेच्या बशीतले नाहीत. ज्या उंदरांत आधीपासून टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी सुप्त होता, त्यांना मेड्स झाला तेव्हा तो परजीवी पुन्हा जागा झालेला दिसला. एड्सच्या रुग्णांच्या मेंदूत टॉक्सोप्लाझ्मा डोके वर काढतो, हे आपण वैद्यकीय पुस्तकांत वाचतो. इथे त्याचे प्रतिरूप दिसते. सगळ्याच वाणांचे उंदीर मात्र आजारी पडत नाहीत. बाल्ब-सी वाणाच्या उंदरांत सीडी8 टी पेशी गॅग जनुकाच्याच एका वेगळ्या वाचनचौकटीतून (जनुकाची अक्षरे वेगळ्या जागेपासून वाचली जाण्यातून) तयार होणारा तुकडा ओळखून बाधित पेशी मारतात आणि आजार रुजू देत नाहीत. सेमिनारमध्ये वेळ उरला तर हे सांगावे.

आता माणसांविषयी. 1998 मध्ये ओस्लोच्या गटाने एचआयव्ही बाधित व्यक्तींच्या टी पेशींवर प्रोटीन काइनेज एच्या पहिल्या प्रकाराला अडवणारे द्रव्य वापरले, तेव्हा त्या पेशींचा प्रतिसाद सुधारला. म्हणजे हा दाब माणसांतही काही प्रमाणात आहे. त्यानंतर नॉर्वेमध्ये एचआयव्ही रुग्णांत सायक्लोऑक्सिजनेज-2 अडवणाऱ्या वेदनाशामक औषधांच्या लहान चाचण्याही झाल्या. परंतु यावरून कोणी दुखण्याची गोळी प्रतिकार वाढवते असा निष्कर्ष काढू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. याच वर्गातील रोफेकॉक्सिब हे औषध हृदयविकाराच्या धोक्यामुळे 2004 मध्ये बाजारातून काढून घ्यावे लागले, आणि आपल्या गावांत तापात सांधे दुखतात म्हणून चिठ्ठीशिवाय गोळ्या घेण्याची सवय आहे. तो ताप लेप्टोचा असेल तर आधीच अडचणीत आलेल्या मूत्रपिंडावर अशा गोळ्यांचा आणखी भार पडतो. एचआयव्हीचा उपचार हा विषाणू दाबणारी औषधे नियमित घेणे हाच आहे आणि ती जिल्हा रुग्णालयातील एआरटी केंद्रात मोफत मिळतात.

शेवटी सेमिनारच्या मांडणीबद्दल. परीक्षक तुम्हाला हमखास विचारतील की दाब बाहेरून येतो, टी पेशीच्या आतील बिघाडातून नाही, हे कशावरून ठरवाल. त्याचे उत्तर एका तक्त्यात देता येते. पेशी वाढवायच्या प्लेटच्या पहिल्या खोबणीत बाधित उंदराच्या टी पेशी वेगळ्या करून एकट्या वाढवाव्यात. दुसऱ्या खोबणीत निरोगी टी पेशींबरोबर बाधित प्लीहेतील सीडी11बी पेशी ठेवाव्यात. तिसऱ्यात या दोघींच्या मध्ये सूक्ष्म छिद्रांचा पडदा घालावा, म्हणजे रेणू जातील पण पेशी भेटणार नाहीत. दुसऱ्यासारखेच मिश्रण ठेवून चौथ्यात सायक्लोऑक्सिजनेज-2 अडवणारे द्रव्य, पाचव्यात नायट्रिक ऑक्साइड बनवणारे विकर अडवणारे द्रव्य घालावे आणि सहाव्यात बाधित टी पेशींना प्रोटीन काइनेज एच्या पहिल्या प्रकाराचे विरोधी द्रव्य द्यावे. निरोगी टी पेशी बाधित शेजारणींच्या संगतीत मंदावल्या आणि पडदा असूनही मंदावल्या, तर विरघळणारा रेणू दाब देतो आहे, असे म्हणता येते. पडदा घातल्यावर त्या सावरल्या, तर स्पर्श किंवा अगदी जवळून जाणारा अल्पायुषी रेणू कारण असावा. बाधित टी पेशी एकट्या असतानाही मंद राहिल्या आणि विरोधी द्रव्याने हलल्या, तर भरती ओसरायला वेळ लागतो आहे, एवढेच समजावे. निरोगी टी पेशींची एकटी खोबण विसरू नये. ती नसेल तर उरलेल्या सहाही खोबणींतील आकडे कशाशी ताडून पाहायचे, हे परीक्षकाला सांगता येणार नाही.